पाच घरं, ठरलेली अक्षरं : इंग्रजी शब्द शोधायचे कसे?

रामबागेतली_वैनी | सोमवार, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांसाठी दरवर्षी शब्दखेळ असतो. मराठीचा एक काका बघतात, इंग्रजीचा माझ्या गळ्यात आहे, कारण कधीकाळी मी इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायचे. ते सोडून वीस वर्षं झाली, पण मंडळाची स्मरणशक्ती दांडगी.

खेळ असा. फळ्यावर पाच घरं काढायची, बाजूला दोन-तीन अक्षरं लिहायची. ती सगळी अक्षरं ज्यात आहेत असे पाच अक्षरी इंग्रजी शब्द तीन मिनिटांत जितके सुचतील तितके लिहायचे. अक्षरांचा क्रम कुठलाही चालेल. मुलं दहा ते पंधरा वर्षांची.

काल रात्री ए आणि आर ही दोन अक्षरं घेऊन बसले. पोळ्या होईपर्यंत ४१ शब्द झाले. मुलगी पाणी प्यायला आली आणि उभ्या उभ्या आणखी सहा सांगून गेली. तेव्हा धसका घेतला. यादी पुरी झाली हे कळणार कसं? आणि माझ्या यादीत नसलेला शब्द एखाद्या पोरानं लिहिला, तर तो बरोबर की चूक हे स्टेजवर कोण ठरवणार?

इथल्या नियमामुळे रोमन लिपीत लिहिता येत नाही, तेव्हा स्पेलिंग कृपया ए-बी-सी असं तोडून द्या.

शेव_परमल | सकाळी ८:०५

अरे वैनी, एवढं काय डोकं खपवून राहिलात! शब्द शोधून देणाऱ्या साइटी ढिगानं पडल्यात. लांबी पाच टाका, 'हवीत' या रकान्यात ए, आर टाका, 'नकोत'मध्ये नको ती टाका. पोहे-जलेबी संपायच्या आत यादी हातात.

रामबागेतली_वैनी | सकाळी ८:२०

केलं होतं तेही. पहिल्या पाचांत शब्द काय आला, तर ए-ए-आर-जी-एच. म्हणजे 'आर्ग'. हा शब्द झाला की सराफ्यात पाय तुडवला गेल्यावरचा आवाज? त्याच्याखाली असे तीस-चाळीस, जे मी जन्मात ऐकले नाहीत. ती यादी घेऊन स्टेजवर बसले तर मीच परकी वाटेन.

पेठेतला_पाहुणा | सकाळी ९:१२

'डोकं खपवून राहिलात' वाचून सकाळ सार्थकी लागली. इंदुरी मराठीला तोड नाही.

बाकी मुद्दा असा, की मराठी मंडळात इंग्रजी शब्दखेळ कशाला?

रामबागेतली_वैनी | सकाळी ९:३०

कारण मराठी शब्दखेळ आदल्या दिवशी असतो आणि त्याला बक्षीस मोठं असतं. या की एकदा, पोहे खाऊ घालते.

किल्ल्याखालचा_टायपिस्ट | सकाळी ११:५०

वैनीसाहेब, मी ग्वाल्हेरचा. ३१ वर्षं कचेरीत इंग्रजी टायपिंग केलं, आता निवृत्त. शब्दांशी माझी ओळख अर्थापेक्षा बोटांची जास्त. थोडं लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे, ए आणि आर ही जोडी प्रश्नाच्या कामाची नाही. दोन्ही अक्षरं इंग्रजीत रस्त्यावरच्या धुळीसारखी पसरलेली. जुन्या लायनोटाइप यंत्राचा कळफलक वापराच्या क्रमानं मांडलेला असे. पहिल्या उभ्या ओळीत ई, टी, ए, ओ, आय, एन आणि दुसरीत एस, एच, आर, डी, एल, यू. तुमची दोन्ही अक्षरं या पहिल्या बारांतली. अशा जोडीची यादी कधी पुरी होणार नाही, मुलंही दमतील आणि तपासणारा त्यांच्याआधी दमेल.

त्यांच्या जोडीला एक हट्टी अक्षर द्या. हट्टी म्हणजे जे ठरावीक जागीच बसतं. उदाहरणार्थ के. आता प्रश्न झाला ए, आर, के. इथे एकेक शब्द आठवत बसायचं नाही. के कुठे कुठे बसतो ते बघायचं, आणि प्रत्येक जागा झाडून घ्यायची.

के शेवटी, पुढे ए-आर : शार्क, स्पार्क, स्टार्क, क्वार्क.
शेवटी सी-के : ट्रॅक, क्रॅक आणि डब्ल्यूनं सुरू होणारा रॅक.
शेवटी एन-के : ड्रँक, फ्रँक, क्रँक, प्रँक.
शेवटी ई-ए-के : ब्रेक म्हणजे मोडणे, फ्रीक, क्रीक म्हणजे दार करकरणे, रीक.
शेवटी ओ-ए-के : क्रोक.
के चौथ्या घरात आणि मागे ई : गाडीचा ब्रेक, ड्रेक.
के तिसऱ्या घरात, शेवटी ई-आर : बेकर, मेकर, टेकर, फेकर.

चहा निवायच्या आत बावीस झाले, ना पुस्तक ना मोबाइल. आणि यादी पुरत आली हे कळतं, कारण के ला बसायच्या जागाच मोजक्या. पहिल्या घराकडे मात्र मी बघितलेलं नाही. तिथे काय सापडतं ते मुलांवर सोडा.

दुसरी युक्ती गोलाची. अक्षरं ओळीत लिहिली की डोळा त्याच क्रमात अडकून बसतो. ती गोलात लिहा, घड्याळाच्या आकड्यांसारखी. मुलांनाही तसंच करायला सांगा, फरक पडतो.

सराफा_रात्री_बारा | दुपारी १:१५

काका, पहिल्या घराचं मी करते! कर्मा, के-ए-आर-एम-ए. कुर्ता, के-यू-आर-टी-ए. दोन्ही इंग्रजी डिक्शनरीत आहेत. आणि क्रेट, के-आर-ए-आय-टी, म्हणजे आपली मण्यार. हिंदीतल्या करैतवरून गेलाय.

असे घरचे बरेच शब्द पाच घरांत बसतात. तबला, धोती, लाठी, पैसा, रायता, बिंदी, लुंगी. क्रोअरसुद्धा, म्हणजे आपला कोट.

मांडवीचा_मोरू | दुपारी १:४०

*इंग्रजीत गेलेला करोड, असं वाचावं. मी तर ब्लेझरच समजलो होतो.

आठ घरांचा खेळ असता तर मी मुंगूस दिला असता. इंग्रजीतला मंगूस मराठीतूनच गेलाय. मण्यार हिंदीची असली तर असू दे, मुंगूस आपला आहे.

सराफा_रात्री_बारा | दुपारी १:४४

हो, कोटी. घाईत लिहिलं.

मांडवीचा_मोरू | दुपारी ३:१०

बडोद्याहून. वैनी, भिशीचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवता का? मग बाहेरची साइट नकोच. इंग्रजी शब्दांची साधी यादी मजकुराच्या फाइलमध्ये फुकट मिळते, ती पहिल्या रकान्यात ओता.

शेजारच्या रकान्यात लेन हे सूत्र लावा, ते अक्षरं मोजतं. पाच आलेले तेवढे ठेवा. मग तीन अक्षरांसाठी तीन रकाने करा आणि प्रत्येकात सर्चचं सूत्र. अक्षर सापडलं तर त्याचा क्रमांक येतो, नाही सापडलं तर चूक दाखवतं. तिन्ही रकान्यांत आकडा असलेल्या ओळी म्हणजे तुमचं उत्तर. फाइंड नावाचं सूत्र वापरू नका, ते कॅपिटल आणि स्मॉल वेगळं धरतं. सर्च धरत नाही.

सूत्रांचा कंटाळा असेल तर फिल्टरमध्ये नुसती पाच प्रश्नचिन्हं टाका : ?????. एक प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर. लांबीपुरतं तेवढ्यानं भागतं.

शेव_परमल | दुपारी ३:३०

एक्सेल कशाला, लिनक्सवर ग्रेप आहे ना. केन थॉम्पसन यांनी १९७० च्या दशकात युनिक्ससाठी लिहिलेला, साच्यात बसणाऱ्या ओळी निवडून देणारा प्रोग्राम, आजही रोज वापरतो. पाच अक्षरांचा साचा असा :

^.....$

टोपी म्हणजे शब्दाची सुरुवात, डॉलर म्हणजे शेवट, मधलं एकेक टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. टोपी आणि डॉलर विसरलात तर लांब शब्दांच्या पोटातलेही पाच-पाच तुकडे जुळतात आणि सगळी डिक्शनरीच अंगावर येते. माझ्यावर आली होती.

आता ए, आर, के. क्रम ठरलेला नाही म्हणून तिन्ही एका साच्यात कोंबू नका. आधी ए असलेले गाळून घ्या, निघालेल्यातून आर असलेले, त्यातून के असलेले. तीनदा गाळलं की झालं, बासुंदीचं दूध गाळतो तसं.

शब्दांच्या मूळ यादीत माणसांची आणि गावांची नावंही असतात, आणि वर स्वल्पविराम लटकावून एस लावलेले शब्दही. स्वल्पविरामालाही टिंब जुळतं, तेव्हा तो कचरा वेगळा काढावा लागेल.

रामबागेतली_वैनी | दुपारी ४:१५

मोरूभाऊ, एक्सेलचं जमलं! पण गंमत बघा. मी उगाच मराठीवर चालवून बघितलं. 'ग्वाल्हेर' लिहिलं आणि लेन लावलं, तर नऊ म्हणाला. नऊ? शब्दकोड्यात ग्वाल्हेरला तीन घरं लागतात. ग्वा, ल्हे, र.

मांडवीचा_मोरू | दुपारी ४:५०

त्याला घरं कळत नाहीत, तो आतले तुकडे मोजतो. ग, पाय मोडण्याची खूण, व, काना, ल, परत पाय मोडण्याची खूण, ह, मात्रा, र. झाले नऊ. इंदूरला इ, अनुस्वार, द, दीर्घ ऊकार, र असे पाच म्हणेल. आमचं बडोदेसुद्धा पाच. कोड्यात मात्र तिघांनाही तीन-तीन घरं.

इंग्रजीत हेच इंदूर सहा, ग्वाल्हेर सात, वडोदरा आठ. बरोडा होतं तेव्हा सहा होतं, नाव बदललं आणि पाटी रंगवणाऱ्याची दोन अक्षरं वाढली.

पेठेतला_पाहुणा | सायंकाळी ५:०५

हा प्रश्न मला खरा वाटतो. इंग्रजीत 'पाच अक्षरी' म्हटलं की वाद नाही. आपल्याकडे अक्षर म्हणजे उच्चाराचा घास. 'स्त्री' एका घरात बसते, आतले तुकडे मोजाल तर सहा. म्हणून ए, आर, के शोधा हा खेळ जसाच्या तसा मराठीत आणता येत नाही. 'र असलेले तीन अक्षरी शब्द' म्हटलं तर 'कर्म' धरायचं का? रफार म्हणजे र आहे की नाही?

किल्ल्याखालचा_टायपिस्ट | सायंकाळी ५:४०

रफार म्हणजे र च. डोक्यावर बसला म्हणून जात बदलत नाही. पण कर्मला घरं दोनच लागतात, तुम्हाला तीन हवी होती.

पेठेतला_पाहुणा | सायंकाळी ५:४६

मान्य. पकडलंत.

सराफा_रात्री_बारा | सोमवार, रात्री ११:५५

उशिरा आले, पण हा माझा विषय. मी रोज रात्री बाराच्या ठोक्याला वर्डल खेळते. सराफ्यात भुट्ट्याचा कीस हातात आणि दुसऱ्या हातात मोबाइल, असंही झालंय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : पाच अक्षरी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. अक्षर योग्य जागी असेल तर हिरवं, शब्दात आहे पण जागा दुसरी तर पिवळं, नसेल तर करडं. जॉश वॉर्डल यांनी तो ऑक्टोबर २०२१ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला आणि जानेवारी २०२२ च्या शेवटी न्यूयॉर्क टाइम्सनं विकतही घेतला.

वैनींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर याच खेळात आहे. पाच अक्षरांच्या जुळण्या होतात १ कोटी १८ लाख ८१ हजार ३७६. त्यातले इंग्रजीचे म्हणता येतील असे शब्द वॉर्डल यांच्या हाताशी होते सुमारे बारा हजार. तेही फार होते, कारण त्यात तुमचे ते 'आर्ग' भरलेले. म्हणून त्यांच्या जोडीदार पलक शाह यांनी बसून ती यादी चाळली आणि आपल्याला ओळखीचे वाटले ते ठेवले. उरले अडीच हजारांच्या आसपास. रोजचं उत्तर सुरुवातीला या लहान यादीतून येई. खेळणारा मात्र मोठ्या यादीतला कुठलाही शब्द टाकू शकतो, खेळ त्याला 'असा शब्दच नाही' म्हणत नाही.

म्हणजे याद्या दोन. विचारायची लहान, स्वीकारायची मोठी.

मांडवीचा_मोरू | मंगळवार, सकाळी ७:२०

पलक शाह हे नाव शेजारच्या बेनना वाचून दाखवलं. त्यांनी चहा ठेवायच्या आधीच 'आपणी छोकरी' जाहीर करून टाकलं.

रामबागेतली_वैनी | सकाळी ८:००

दोन याद्यांचं डोक्यात बसलं. आत्तापर्यंत माझ्याकडे एकच होती, आणि तीही माझ्या डोक्यातली.

पेठेतला_पाहुणा | सकाळी ८:४५

वर्डलचा विषय निघालाच आहे तर माझी तक्रार. परवा शेवटची चार अक्षरं आय-जी-एच-टी दुसऱ्याच प्रयत्नात हिरवी झाली, घरात पेढे वाटायचे बाकी होते. आणि हरलो. नाइटनं सुरुवात केली, ती चूक निघाली. मग फाइट, राइट, साइट, माइट करत संपलो. उत्तर होतं लाइट.

सराफा_रात्री_बारा | सकाळी ९:१०

हा जुना खड्डा आहे दादा. एट, फाइट, लाइट, माइट, राइट, साइट, टाइट, शिवाय वाइट नावाचा एक जुना शब्द. एन गेल्यावरही आठ उरतात, आणि एकेक करून विचारायला तुमच्याकडे तेवढे प्रयत्न नसतात.

अशा वेळी जिंकायचा शब्द टाकायचा नाही, माहिती काढायचा टाकायचा. तिसऱ्या प्रयत्नाला फॉर्म्स टाका, एफ-ओ-आर-एम-एस. लाइटशी त्याचा संबंध नाही, पण एका फटक्यात एफ, आर, एम, एस चारही तपासून होतात. एखादं रंगलं तर उत्तर हातात. सगळी करडी आली तर उरले एट, लाइट, टाइट, वाइट. आता मेटल, एम-ई-टी-ए-एल. ई रंगला तर एट, एल रंगला तर लाइट, दोन्ही नाही तर टाइट किंवा वाइट. टी कडे बघूच नका, तो सगळ्यांत असल्यामुळे रंगणारच. म्हणजे सहाव्या प्रयत्नापर्यंत काम फत्ते.

'हार्ड मोड' चालू केला असेल तर ही चाल करता येत नाही, तिथे सापडलेली अक्षरं पुढच्या प्रत्येक शब्दात वापरावीच लागतात.

पेठेतला_पाहुणा | सकाळी ९:२२

हार्ड मोड चालूच होता. उगाच फुशारकी.

किल्ल्याखालचा_टायपिस्ट | सकाळी १०:३०

वैनीसाहेब, दुसऱ्या फेरीसाठी एक प्रकार सुचवतो. पाचच्या पाच अक्षरं द्या आणि तीच वापरून शब्द करायला सांगा. ए, ई, एल, एस, टी. यात स्लेट आहे, लीस्ट आहे, शिळं या अर्थाचं स्टेल, गोष्टींचं टेल्स, आणि स्टील. हे चोरण्याचं स्टील, भांड्याचं नव्हे, त्यात ई दोन लागतात.

असे गट शोधायची पद्धत जुनी आहे. प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमानं लावून घ्यायची. स्लेट घ्या की टेल्स घ्या, लावल्यावर ए-ई-एल-एस-टी असंच होतं. ज्यांची ही किल्ली एक, ते सगळे एका झुबक्यातले. मी टायपिंगच्या वहीत मागच्या पानांवर अशा किल्ल्या लिहीत असे, साहेब आले की पान उलटायचं.

आणखी एक गंमत. टंकयंत्राच्या वरच्या एका ओळीतच टाइपरायटर हा दहा अक्षरी शब्द पूर्ण होतो. विकणारे ग्राहकाला हेच टाइप करून दाखवत, असं आम्ही ऐकत आलो. खरं-खोटं यंत्र जाणे.

शेव_परमल | सकाळी ११:००

काका, तुमच्या वहीचा फोटो टाका ना!

मी पण एक फेरी देतो. स्वर नसलेले पाच अक्षरी. ए, ई, आय, ओ, यू एकही नाही. मुलं म्हणतील असं असतं का कुठं. निम्फ, क्रिप्ट, लिम्फ, ट्रिस्ट, जिप्सी, पिग्मी, ग्लिफ, मर. स्वराचं काम वाय करतो. मर म्हणजे एम-वाय-आर-आर-एच, एक सुगंधी डिंक, कोणाला शाप नव्हे. सहा घरं केलीत तर रिदम आणि सिझिजी. सिझिजीत तर तीन वाय.

उलटी बाजू पण आहे, पाचांत चार स्वर : ऑडिओ, ॲड्यू, क्यू. रांगेचं क्यू, म्हणजे क्यू-यू-ई-यू-ई. पाच अक्षरं लिहायची आणि उच्चार पहिल्या एकट्याचाच. मागचे चौघं खरोखर रांगेत उभे.

सराफा_रात्री_बारा | सकाळी ११:२०

रांगेवरून आठवलं, क्यू च्या मागे यू नसलेलेही ठेवा ना वैनी! स्क्रॅबलवाल्यांचा जीव या शब्दांवर असतो. स्क्रॅबलच्या १०० सोंगट्यांत ई बारा आहेत आणि क्यू एकच, दहा गुणांचा. आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदानं मंदीत बेकार असताना वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून हे प्रमाण ठरवलं. तो क्यू हातात आला आणि यू मिळाला नाही की माणूस रडतो.

तर यू शिवायचे पाच अक्षरी : फकीर, एफ-ए-क्यू-आय-आर. निकाब. तलाक. किब्ला. कोरमा, तोही क्यू नं लिहिलेला चालतो. आणि कनात, क्यू-ए-एन-ए-टी, म्हणजे जमिनीखालून उतारानं पाणी आणणारा बोगदा. बहुतेक सगळे अरबी-फारसीकडून इंग्रजीत गेलेले. म्हणून ते लंडनच्या पोरापेक्षा आपल्या पोरांना लवकर सुचतात.

मांडवीचा_मोरू | दुपारी १२:०५

यातला बुरखा राहिला, बी-यू-आर-क्यू-ए. त्यात यू आहे, पण क्यू च्या मागे नाही. प्रश्नाची भाषा नीट ठेवा, नाहीतर मारामारी व्हायची.

शेव_परमल | दुपारी २:१०

वैनी गेल्या कुठं? पुढच्या फेऱ्या ठरल्या का?

रामबागेतली_वैनी | संध्याकाळी ६:३०

आहे इथेच. दुपारी वरचा क्यू चा संदेश वाचला आणि मोबाइल पालथा ठेवला. सांगूनच टाकते.

गेल्या वर्षी शेवटच्या फेरीत मी क्यू दिला होता. मुलं क्वीन, क्विक, क्वाएट, इक्वल लिहीत होती. एक मुलगा आजीकडे गणपतीला आलेला, बारा वर्षांचा असेल. त्यानं लिहिलं क्यू-ए-एन-ए-टी. मी माइकवर म्हटलं, बाळ, क्यू च्या मागे यू लागतोच, असा शब्द नाही. तो म्हणाला, काकू, आहे, आमच्या गावाला आहे. त्यावर मी म्हटलं, तुमच्या गावाला असेल, इंग्रजीत नाही.

सगळे हसले. मीही हसले. एका शब्दानं त्याचा पहिला नंबर गेला. बक्षीस घ्यायला तो वर आलाच नाही, आजी येऊन पेनचा डबा घेऊन गेली.

मुलगा बुऱ्हाणपूरचा.

किल्ल्याखालचा_टायपिस्ट | संध्याकाळी ६:५५

अरे देवा. कुंडी भंडारा.

पेठेतला_पाहुणा | संध्याकाळी ७:०२

म्हणजे? आम्हाला कळेल असं सांगा.

किल्ल्याखालचा_टायपिस्ट | संध्याकाळी ७:२५

बुऱ्हाणपूरला मोगलांच्या काळातली भुयारी पाणीव्यवस्था आहे, १६१५ ची, सरदार अब्दुल रहीम खानखानांच्या कारकिर्दीतली. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून नुसत्या उतारानं शहरात आणलेलं. भुयारावर ठरावीक अंतरानं विहिरीसारख्या कुंड्या, शंभरच्या आसपास. ना मोट, ना पंप. इराणी पद्धत आहे, तिलाच कनात म्हणतात. मी एकदा डोकावून पाहिलंय, खाली वाहत्या पाण्याचा आवाज येतो.

पोरगं अक्षरशः खरं बोलत होतं. त्याच्या गावाला आहे.

रामबागेतली_वैनी | संध्याकाळी ७:४०

हो. आणि 'तुमच्या गावाला असेल' हे मीच म्हटलं होतं.

मांडवीचा_मोरू | रात्री ८:१५

वैनी, मनाला लावून घेऊ नका. यू चा नियम आपण सगळेच शाळेत घोकलोय. चूक नियमाची नाही, एकाच यादीची होती. वर ताईंनी लिहिलंय तेच, विचारायची लहान, स्वीकारायची मोठी. यंदा स्टेजवर एक जाडजूड डिक्शनरी ठेवा. मोबाइल नको, त्यात जो तो आपल्याला हवी ती साइट काढतो.

पेठेतला_पाहुणा | रात्री ८:३०

चेंबर्स बघा मिळते का. ब्रिटनमधल्या स्क्रॅबलवाल्यांचा एके काळी तोच आधार होता, आता ते कॉलिन्स धरतात. कुठली घेता याला महत्त्व नाही. खेळ सुरू व्हायच्या आधी जाहीर करा, मग मधे बदलू नका. एस लावून केलेली अनेकवचनं चालतील का, हेही तेव्हाच सांगा. नाहीतर पार्क्स, मार्क्स, बार्क्स लिहून एखादा हुशार पहिला येईल.

रामबागेतली_वैनी | बुधवार, दुपारी १:००

खजूरी बाजारात जाऊन आले. जुनी चेंबर्स मिळाली, पाठ निघालेली, पण पानं सगळी आहेत. दुकानातच उभ्यानं क्यू उघडला. आहे. कनात आहे. दुकानदार विचारून राहिला, काय झालं बाई, पाणी देऊ का.

तिथून तशीच त्या आजींकडे गेले, दोन गल्ल्या सोडून राहतात. मी काही बोलायच्या आत त्यांनी नातवाला फोन लावून माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, बाळ, तुझा शब्द बरोबर होता. माझं चुकलं. तो म्हणाला, माहीत आहे काकू, मी दुसऱ्याच दिवशी बाबांच्या डिक्शनरीत बघितला, फोटो पण काढून ठेवलाय. वर्षभर ठेवलाय! मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? तर म्हणे, तुम्ही माइकवर होता.

यंदा येतोय. एकच अट घातली, क्यू नको, झेड ठेवा.

शेव_परमल | दुपारी १:०८

वा रे पठ्ठ्या! वैनी, झेडची यादी मी काढून देऊ का? दोन मिनिटांचं काम.

रामबागेतली_वैनी | दुपारी १:१५

नको. विचारायची यादी मीच करते, काकांसारखी जागा झाडून झाडून. स्वीकारायला चेंबर्स आहेच. माइक यंदा मोरूभाऊंनी सांगितल्याप्रमाणे डिक्शनरीजवळ ठेवणार, आणि शब्द अडला तर पान मुलानंच उघडायचं.

मांडवीचा_मोरू | दुपारी १:२०

माइकचं मी म्हटलं नव्हतं. पण ठेवा, चांगलं आहे.

सराफा_रात्री_बारा | दुपारी १:३२

झेब्रा आणि प्राइझ सगळेच लिहितील. पिझ्झा पण, त्यात झेड दोन.

किल्ल्याखालचा_टायपिस्ट | दुपारी २:४०

झेड मागच्या घरात बसवून बघायला विसरू नका. डब्ल्यू-ए-एल-टी-झेड. वॉल्ट्झ.